लेझर डायोडचा करंट लावताना: माझा अनुभव

चवथीच्या आधीचे दोन महिने गोव्यात लाकूड-प्लायवूड कोरणाऱ्या छोट्या लेझर मशिनांना उसंत नसते. मखराच्या जाळ्या, दारावरच्या पाट्या, देखाव्याचे सुटे भाग, सगळं त्यांच्यावरच. या दिवसांत दुरुस्तीला येणाऱ्या हेडांची (मशिनाचा लेझर बसवलेला भाग) तक्रार बहुतेक एकच असते: उजेड पडतो, पण कापत नाही. अशा हेडातला लेझर डायोड, म्हणजे किरण काढणारा भाग, गेलेला असतो. कधी करंट जास्त लावलेला असतो, तर कधी करंट बरोबर असूनही जोडण्याचा क्रम चुकलेला असतो. नवा डायोड बसवून त्याचा करंट मी कसा लावतो, ते लिहितो. उदाहरणाला ४५० नॅनोमीटरचा, ५.६ मिमी कॅनचा (धातूच्या डबीचा) निळा डायोड घेऊ. डेटाशीटवर चालू करंट १.२ अँपिअर, तेव्हाचं व्होल्टेज साधारण ४.५. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

आधी डायोड मरतो कसा ते. प्रकाश बाहेर पडतो ती कडा काही मायक्रोमीटरचीच असते आणि एवढ्याशा जागेतून एक वॅट प्रकाश जात असतो. करंट क्षणभर जरी मर्यादेबाहेर गेला, तरी ती कडा वितळते. याला मायक्रोसेकंदही पुरतो, हीटसिंक कितीही मोठा असला तरी उष्णता तिथवर पोहोचायच्या आत सगळं संपलेलं असतं. त्यानंतर डायोड साध्या एलईडीसारखा मंद पेटतो. मल्टीमीटरवर त्याचं व्होल्टेज जवळजवळ पूर्वीसारखंच दिसतं, म्हणून मीटर लावून 'डायोड चांगला आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून माझा नियम असा, की करंट लावायचं सगळं काम डमी लोडवर करायचं. खरा डायोड टेबलावर येतो तो सगळ्यात शेवटी.

डमी लोड म्हणजे डायोडच्या जागी बसणारा असा तोतया, जो जळला तरी चालेल. १एन५४०८ हे तीन अँपिअरचे रेक्टिफायर डायोड चार घ्या आणि एकापुढे एक, एकाच दिशेनं जोडा. एक अँपिअरला प्रत्येकावर ०.८ ते ०.८५ व्होल्ट पडतात, म्हणजे चौघांचे मिळून सुमारे ३.३. त्यांच्यापुढे १ ओहम जोडला की त्यावर आणखी एक व्होल्ट, बेरीज निळ्या डायोडच्या जवळ येते. लाल ६५० नॅनोमीटरचा डायोड सव्वादोन व्होल्टांच्या आसपास आणि मोजक्या मिलिअँपवर चालतो, त्याला दोन-तीन डायोड पुरे.

१ ओहमचा रेझिस्टर मात्र नीट निवडा. दुकानात पाच वॅटचा पांढरा सिमेंटचा मिळतो, तो बहुधा पाच टक्क्यांचा असतो, म्हणजे एक अँपिअरला पन्नास मिलिअँपची चूक सुरुवातीलाच पदरात. मी १० ओहमचे पाव वॅटचे एक टक्कावाले मेटल फिल्म रेझिस्टर दहा घेतो (तपकिरी, काळा, काळा, सोनेरी, तपकिरी) आणि समांतर जोडतो. प्रत्येकातून शंभर मिलिअँप जातात, प्रत्येकावर ०.१ वॅट, कोणी तापत नाही. मीटर मिलिव्होल्टवर ठेवला की जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप. प्रोब रेझिस्टरच्या पायांनाच टेकवा. वायरच्या टोकांवर मोजलंत तर वायरीचा आणि टाक्यांचा रोधही मोजला जातो.

करंट मोजायला मीटर अँपिअरवर ठेवून वायरीच्या मधोमध घालणं, ही सवय मात्र सोडा. प्रोब जरा हलला की सर्किट तुटतं. सर्किट तुटलं की करंट ड्रायव्हर (डायोडला ठरलेला करंट पुरवणारं सर्किट) तो करंट पुरा करण्यासाठी व्होल्टेज चढवत नेतो, कुठवर, तर सप्लाय देईल तिथवर. ९ व्होल्टांच्या सप्लायवर एलएम ३१७ (रेग्युलेटर आयसी) असेल तर त्याचं मोकळं टोक सात-साडेसातपर्यंत जातं आणि तिथे लावलेला कॅपॅसिटर तेवढा भरतो. मग प्रोब पुन्हा टेकतो. साडेचारच्या डायोडवर तीन व्होल्ट जास्तीचे येतात, त्याचा अंतर्गत रोध एखाद्या ओहमचा, म्हणजे क्षणभर तीन अँपिअर. मीटरला ते दिसतही नाहीत. करंट बरोबर लावूनही डायोड गेला असं जेव्हा ऐकतो, तेव्हा माझा पहिला संशय यावर असतो.

आता ड्रायव्हर. एक अँपिअरपर्यंत मी अजून एलएम ३१७ च वापरतो. जुना आहे, तापतो, पण त्याच्या खोड्या माहीत आहेत. सप्लाय इनपुटला, आउटपुटपासून ॲडजस्ट पायापर्यंत रेझिस्टर आणि ॲडजस्टच्या जोडावरून डायोडचा अ‍ॅनोड. डायोडचा कॅथोड ग्राउंडला. त्या रेझिस्टरवर आयसी १.२५ व्होल्ट राखतो, म्हणून करंट म्हणजे १.२५ भागिले ओहम. ९ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर इथे पुरतो. साडेचार डायोडचे, सव्वा रेझिस्टरचा, उरलेले सव्वातीन आयसीवर. याहून बरेच कमी उरले तर करंट घसरू लागतो. १२ व्होल्ट दिले तर चालतं, पण आयसीवर सहा वॅट जाळायला लागतात, ९ वर तीनच.

या रेझिस्टरच्या जागी पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) लावायचा मोह आवरा. एक अँपिअर झेपणारा लहान पॉट मिळत नाही, आणि मिळाला तरी समुद्राजवळच्या दमट हवेत त्याची आतली सरक वर्षभरात खराब संपर्क देऊ लागते. मी पायऱ्या करतो. बोर्डवर कायम १० ओहम: १२५ मिलिअँप. त्याला ४.७ ओहम समांतर जोडला की ३९१. आणखी एक ४.७ जोडला की ६५७. तिसरा जोडला की ९२३. शेवटी २२ ओहम, म्हणजे ९८०. ४.७ वाले एक वॅटचे, बाकीचे अर्ध्या वॅटचे पुरतात. या मांडणीत टाका सुटला, पाय तुटला, काहीही झालं तरी करंट कमी होतो, वाढत नाही. पॉटवाल्या कित्येक मॉड्यूलांत याच्या उलट घडतं: सरक सुटली की फीडबॅक तुटतो आणि करंट कमाल मर्यादेला जातो.

१.२ अँपिअरच्या डायोडला मी ९८० वर थांबतो, डेटाशीटच्या ऐंशी टक्क्यांजवळ. शेवटचे वीस टक्के वाढवल्यानं कापण्यात दिसेल असा फरक पडतो खरा, पण डायोडचं आयुष्य त्याहून जास्त घटतं. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी यात तडजोड नाही.

आकडेमोड करून थांबू नका, कारण एलएम ३१७ चा १.२५ हा आकडा प्रत्यक्षात १.२० पासून १.३० पर्यंत कुठेही असू शकतो. डमी लोड जोडा, सगळ्या पायऱ्या एकेक करून चढवा, प्रत्येक ठिकाणी मिलिव्होल्ट लिहून घ्या. रेझिस्टर जोडताना दर वेळी सप्लाय बंद. शेवटच्या पायरीवर दहा मिनिटं चालू ठेवा, आयसी गरम होऊ द्या. मग एक चाचणी: चार रेक्टिफायरांपैकी एकावर तारेचा तुकडा आडवा धरा. लोडचं व्होल्टेज ०.८ नं खाली आलं, करंट मात्र जागचा हलता कामा नये. पाच-दहा मिलिअँपपेक्षा जास्त हलला तर तो करंट ड्रायव्हर म्हणायच्या लायकीचा नाही. ऑसिलोस्कोप असेल तर १ ओहमवर प्रोब लावून, सिंगल ट्रिगर (एकदाच टिपून थांबेल असा) ठेवून सप्लाय चालू-बंद करा. सुरुवातीला टोक वर उसळतंय का, हे मीटरवर कधीच कळत नाही.

बाजारात दोन निळे ट्रिमपॉट असलेली सीसी-सीव्ही बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवून करंट आणि व्होल्टेज दोन्ही मर्यादेत ठेवणारी) स्वस्तात मिळतात. ती बॅटरी चार्ज करायला उत्तम, लेझरला नकोत. आउटपुटवर मोठा कॅपॅसिटर असतो, आणि त्यांची करंट मर्यादा जागी होईपर्यंत तो डायोडमध्ये रिकामा झालेला असतो. एक अँपिअरच्या वर जायचं तर लेझरसाठीच बनवलेला ड्रायव्हर घ्या. तपासणी मात्र त्याचीही डमी लोडवरच.

एका जागी बरेच जण फसतात. एलएम ३१७ चा धातूचा टॅब आतून आउटपुटला जोडलेला असतो. लेझर डायोडचा कॅन कुठे अ‍ॅनोडला, कुठे कॅथोडला, कुठे कशालाच जोडलेला नसतो. जागा वाचवायला दोन्ही एकाच ॲल्युमिनियमवर बसवले, कॅन अ‍ॅनोडचा निघाला, तर १.२५ व्होल्टांचा रेझिस्टर आपोआप शॉर्ट होतो. आयसीला वाटतं करंट वाहतच नाही, तो पूर्ण उघडतो, आणि दीड-दोन अँपिअर सरळ डायोडमधून जातात. टॅबखाली मायका, स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश, आणि सप्लाय देण्यापूर्वी मीटरच्या बीपवर तपासणी. किंवा सरळ दोन वेगळे हीटसिंक.

खरा डायोड जोडताना क्रम असा. डायोड हातात घेण्याआधीच त्याच्या पायांना बारीक उघड्या तारेचे दोन-तीन वेढे, म्हणजे पाय आपसांत शॉर्ट. मनगटाला अर्थचा पट्टा. पावसाळ्यात स्थिर वीज फारशी छळत नाही, एसीच्या कोरड्या खोलीत मात्र छळते. अडॅप्टर भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. दोन पिनांच्या अडॅप्टरच्या आउटपुटवर जमिनीच्या मानानं शंभरच्या आसपास व्होल्ट तरंगत असतात, आणि अर्थ असलेली सोल्डरिंग आयर्न टेकली की ती गळती डायोडमधून वाट काढते. ड्रायव्हरच्या आउटपुटची दोन टोकं तारेनं शॉर्ट करून कॅपॅसिटर रिकामा करा. डायोडला समांतर एक शॉट्की डायोड उलटा जोडा, कारण लाल डायोडना बहुधा उलटे दोनच व्होल्ट सोसतात. कॅपॅसिटर लावायचा असेल तर तो डायोडच्या पायांवरच, कनेक्टरच्या पलीकडे नको. सगळे टाके झाले, की वेढे कापा. जोडणी कायमची, टाक्याची. क्रोकोडाइल क्लिपवर लेझर चालवणारे मी पाहिलेत, त्यांचे डायोडही पाहिलेत.

अडॅप्टर भिंतीत घालण्यापूर्वी डोळे. ५०० मिलिवॅटच्या वर सगळं क्लास ४ (लेझरचा सगळ्यात धोक्याचा वर्ग), म्हणजे भिंतीवरच्या ठिपक्याकडे जवळून पाहणंही धोक्याचं. ४५० नॅनोमीटरला ओडी (किरण किती अडतो त्याचं माप) ४ किंवा जास्त असं लिहिलेला चष्मा हवा, त्याची काच नारिंगी दिसते. तो लाल लेझरला चालत नाही, गॉगल तर कशालाच चालत नाही. किरण अडवायला मी कोरड्या चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा ठेवतो. पृष्ठभाग खडबडीत, चमक नाही, पेट घेत नाही, आणि त्यातला लोहाचा तांबडा रंग निळा प्रकाश चांगला शोषतो. चिरा ओला असेल तर वाळवून घ्या, पाण्याचा पातळ थर चमकतो. किरण उघड्या खिडकीच्या दिशेनं कधीही नको. इकडे मोपा, तिकडे दाबोळी, विमानं खालून उतरतात.

पहिली पायरी १२५ मिलिअँप. माझ्याकडच्या अशा डायोडांचा थ्रेशोल्ड (लेझर किरण सुरू व्हायचा करंट) २०० च्या आसपास असतो, म्हणून इथे फक्त मंद निळा उजेड दिसायला हवा. काहीच दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, पोलॅरिटी तपासा. ३९१ ला चिऱ्यावर ठसठशीत ठिपका. इथून पुढे प्रत्येक ४.७ ओहम करंट २६६ मिलिअँपनं वाढवतो, तेव्हा पॉवर मीटरवरची वाढही दर वेळी साधारण सारखी हवी. तिसऱ्या ४.७ ला वाढ दुसऱ्यापेक्षा उघड कमी आली, तर डायोड तापतोय. मॉड्यूल आणि हीटसिंकमधली पेस्ट बघा. एक अँपिअरला साडेचार वॅट आत जातात, प्रकाश होऊन बाहेर येतो जेमतेम एक-सव्वा, बाकी सगळी उष्णता. पॉवर मीटर नसेल तर पॉवरच्या मागे न लागता करंटवरच थांबा.

लाल डायोडांबाबत हवामान जास्त बघावं लागतं. गार झाला की त्यांचा थ्रेशोल्ड उतरतो आणि त्याच करंटला पॉवर वाढते. मे महिन्याच्या दुपारी पॉवर बघून काठोकाठ लावलेला करंट दुसऱ्या दिवशी एसीच्या खोलीत मर्यादा ओलांडतो. जिथे मशीन सगळ्यात गार असेल तिथे करंट लावा.

पेल्टियर (विजेवर गार करणारी चकती) लावून डायोड गार ठेवणार असाल तर पावसाळ्याचा हिशेब वेगळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. सेटिंग २० ठेवलंत की कॅनच्या काचेवर पाणी धरतं, प्रकाश विखुरतो, पाय गंजतात. मी २८ च्या खाली जात नाही. एसीतून बाहेर आणलेलं हेडही अर्धा तास तसंच ठेवून मग चालू करतो.

उरतो वीजपुरवठा. गडगडाटात लाईट दोन-तीनदा पाठोपाठ जाते-येते, आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हर नव्यानं उठतो. डायोडच्या दोन टोकांमध्ये रिलेचा एनसी (वीज नसताना मिटलेला राहणारा) संपर्क लावा. वीज नसताना डायोड शॉर्ट राहतो, सप्लाय आल्यावर एक-दोन सेकंदांनी रिले उघडतो, तोवर ड्रायव्हर स्थिर झालेला असतो. प्रयोगशाळेतले महागडे ड्रायव्हरही बंद असताना आउटपुट शॉर्टच ठेवतात. रिलेची ही उघडझाप आधी डमी लोडवर, स्कोपसमोर करून बघा.