मंडळातली पोरं बदलतात, शेड्यूल वनवरची नावं बदलत नाहीत

कबड्डी स्पर्धेसाठी जमलेले पैसे आमच्या युवक मंडळाच्या खात्यात होते आणि चेकवर सही चालेल असा एकही माणूस गावात नव्हता. बँकेने शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदवहीचा, उतारा मागितला. उताऱ्यावर नावं होती नोंदणीच्या वेळच्या सात जणांची. मंडळ प्रत्यक्ष चालवणारी मुलं त्या यादीत कुठेच नव्हती. तिथून चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अर्ज, मंजूर होऊन नवी नावं चढेपर्यंत पूर्ण एक हंगाम गेला आणि त्या वर्षीची स्पर्धा उधारीवर उभी करावी लागली. तो राग अजून उतरलेला नाही.

नोंदणी स्वतः फारशी अडत नाही. किमान सात सभासद, घटना आणि नियमावली, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली एक क्रमांक आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दुसरा, म्हणजे ज्याला आपण ‘एफ नंबर’ म्हणतो तो. दोन्ही धर्मादाय कार्यालयातूनच होतात. प्रमाणपत्र फ्रेम करून शाळेच्या खोलीत लागतं आणि तिथेच सगळे थांबतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं हे कुणी सांगत नाही.

देवस्थानाच्या ट्रस्टवर एकच मंडळी वीस वर्षं राहू शकतात. युवक मंडळाचं तसं नाही. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक म्हणजे १५ ते २९ वर्षं. बाविसाव्या वर्षी सचिव झालेला मुलगा चोविसाव्या वर्षी कंपनीत लागतो आणि गाव सोडतो. मुली लग्न होऊन जातात. म्हणजे आपल्या संस्थेत पदाधिकारी बदलणार हे ठरलेलंच आहे, आणि कायदा म्हणतो की प्रत्येक बदल ९० दिवसांच्या आत कळवा. कलम २२, नमुना परिशिष्ट तीन. नव्वद दिवस ऐकायला भरपूर वाटतात. निवडणूक झाल्यावर फोटो निघतो, सत्कार होतो, मग पेरणी येते, आणि नव्वद दिवस कधी उलटले कळत नाही. मग चेंज रिपोर्टसोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि उशिराच्या कारणाचं ॲफिडेव्हिट लागतं. त्यात ‘माहिती नव्हती’ एवढंच लिहू नका. कोणत्या तारखेला काय अडलं ते तारखेसह लिहा.

आमचा अर्ज तीन ठिकाणी अडला, आणि बहुतेक मंडळांचा याच तीन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण सभासदत्वाची. नवे अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडले गेले होते, पण ते कागदोपत्री सभासदच नव्हते. पाच वर्षं मैदान आखणारा, पाणी भरणारा, झेंडावंदनाला सगळ्यांत आधी येणारा मुलगा सभासद असणारच असं आपण धरून चालतो. सभासद रजिस्टरमध्ये त्याचं नाव नसतं, वर्गणीची पावती नसते, त्याला सभासद करून घेतल्याचा ठराव नसतो. जो सभासद नाही तो मत देऊ शकत नाही आणि निवडूनही येऊ शकत नाही. मग ती निवडणूकच टिकत नाही. यावर उपाय एकच आहे. कार्यकारिणीतले जे कोणी हाताशी आहेत त्यांची सभा घ्या आणि नव्या मुलांना ठरावाने सभासद करा. वर्गणी घेऊन पावत्या फाडा, रजिस्टरला नावं चढवा, आणि मग नियमावलीप्रमाणे अजेंडा काढून निवडणुकीची सर्वसाधारण सभा पुन्हा घ्या. मागची तारीख टाकून पावत्या फाडण्याचा सल्ला कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. पावती पुस्तकाचे क्रमांक आणि ऑडिटमधली जमा जुळली नाही की सगळाच अर्ज संशयात येतो, आणि ते चुकीचंही आहे.

दुसरी अडचण गाळलेल्या मुदतीची. नियमावलीत कार्यकारिणीची मुदत लिहिलेली असते, कुणाची तीन वर्षं, कुणाची पाच. मधल्या एका कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट कधी दाखलच झाला नव्हता. थेट आजच्या कार्यकारिणीचा अर्ज दिला तर प्रश्न येतो, उताऱ्यावरच्या लोकांकडून यांच्याकडे कारभार आला कसा? साखळी जोडावी लागते. मधल्या मुदतीचा अर्ज आधी आणि आताचा त्याच्यामागून, दोन्हींना स्वतंत्र कागद. मधल्या काळातलं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, सापडलं म्हणून आमचं निभावलं. ते एका माजी खजिनदाराच्या घरी, माळ्यावर होतं. प्रोसिडिंग बुक, सभासद रजिस्टर, पावती पुस्तकांची स्थळप्रत आणि अजेंडा वही या चार गोष्टी कुणाच्याही घरी राहू देऊ नका. ग्रामपंचायत किंवा शाळा कुलूप लागणारं कपाट देते, मागितलं पाहिजे.

तिसरी, आणि सर्वांत जास्त दिवस खाणारी, जाणाऱ्यांच्या सह्यांची. ज्यांची नावं निघणार आहेत त्यांना कार्यालय विचारतं. त्यांचं ना-हरकतीचं ॲफिडेव्हिट किंवा राजीनामा असेल तर काम सरळ जातं. नसेल तर त्यांना नोटीस निघते. ती उताऱ्यावरच्या पत्त्यावर जाते, म्हणजे गावातल्या घरी, आणि माणूस असतो तिकडे कारखान्याच्या पाळीवर. नोटीस परत येते, तारीख पुढे जाते. एखादा वारला असेल तर मृत्यूचा दाखला लागतो, आणि दाखल्यावरचं नाव उताऱ्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. आमच्याकडे एका नावात वडिलांचं नाव घरगुती लिहिलेलं होतं. तेवढ्यासाठी एक तारीख गेली.

या सगळ्यात खरा संताप आला तो त्रुटी सांगण्याच्या पद्धतीचा. पहिल्या खेपेला सांगितलं, संमतिपत्रं नाहीत. ती नेली. दुसऱ्या खेपेला, अजेंडा पोचल्याचा पुरावा नाही. तो नेला. तिसऱ्या खेपेला, मागच्या वर्षांचे ऑडिट रिपोर्ट बाकी आहेत. हे तिन्ही पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. तालुक्याच्या गावावरून जिल्ह्याला जायचं म्हणजे एका माणसाचा रोज बुडतो, आणि ही कामं करणारी मुलं रोजंदारीची किंवा कॉलेजची असतात. म्हणून सांगतो: ‘सगळ्या त्रुटी एकदाच लेखी द्या’ असा साधा अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तो अर्ज दिल्यानंतर एकाच कागदावर उरलेल्या सगळ्या त्रुटी मिळाल्या. तोंडी सांगितलेलं कधीच घरी घेऊन येऊ नका.

अर्जासोबत काय काय लागलं ते एकत्र सांगतो. सभेचा अजेंडा आणि तो प्रत्येक सभासदाला मिळाल्याची सही. सही नसेल तर टपालाची पोच. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज आमच्याकडून घेतला नाही, कारण नियमावलीत तशी तरतूदच नव्हती. अजेंडा किती दिवस आधी काढायचा हे नियमावलीत असतं, ते दिवस मोजा. सभेची तारीख त्या मुदतीच्या आत पडली की सभा बेकायदेशीर ठरते. प्रोसिडिंगची खरी प्रत, हजेरीच्या सह्या आणि गणपूर्ती झाल्याची नोंद. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब करून नियमावलीप्रमाणे पुन्हा सुरू केली हे वेळेसह लिहिलेलं हवं. त्या तारखेची सभासद यादी. नव्या प्रत्येकाचं संमतिपत्र, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. घटनेची प्रत, जुना शेड्यूल वन, अर्जदाराचं ॲफिडेव्हिट. ऑडिट ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत जायला हवं. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. व्यवहार शून्य असला तरी द्या.

आता स्पर्धेकडे येतो, कारण सभासदत्वाची अडचण खरं तर तिथेच सोडवता येते.

स्पर्धेला पोरं आपणहून कामाला येतात. कामं वाटून देण्याच्या बैठकीतच सभासद अर्ज आणि पावती पुस्तक ठेवा. अठरा पूर्ण असलेल्याने अर्ज भरला, वर्गणी दिली, पावती घेतली, की पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत ठरावात सगळी नावं एकदम घ्या. अठराच्या आतल्यांची वेगळी वही आणि पालकांची सही. त्यांना काम द्या, पण कार्यकारिणीत घेऊ नका.

दोन मैदानांना बाहेरचे पंच प्रत्येकी तीन हवेत, एक मुख्य आणि दोन सहायक. ते जिल्हा संघटनेच्या यादीतले घ्या, गावातले घेतले की पहिल्याच वादात सामना थांबतो. गुणलेखक आणि बाद खेळाडूंवर लक्ष ठेवणारे दोन साहाय्यक मात्र आपल्यातले तयार करा. मुली हे काम फार चोख करतात. आधीच्या आठवड्यात मोबाईलवर दोन सामने लावून गुणपत्रक भरायला लावा. चूक नेहमी ‘लोण’चे (समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे) दोन गुण आणि बोनस गुण यांत होते.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. चौकोन काटकोनात आला की नाही हे कर्ण मोजून बघा, दोन्ही कर्ण १६.४० मीटर यायला हवेत. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाई करणाऱ्याने ओलांडायची रेषा) ३.७५ मीटर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. रेषा पांढऱ्या रांगोळीने किंवा फक्कीने मारा, चुन्याने मारू नका. घामाच्या अंगाला चुना भाजतो आणि डोळ्यात गेला तर धावपळ होते. माती आदल्या संध्याकाळी भिजवून सकाळी रोलर फिरवा. खडे चाळणीने काढावे लागतात, हाताने वेचून भागत नाही.

लॉट्स पाडताना संघ १३ आले तर सामने १२ होतात, आणि तीन संघांना पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट दुसरी. पहिले सात संघ वरच्या अर्ध्यात, सहा खालच्या. चाल शेवटच्या, पहिल्या आणि आठव्या क्रमांकाला. पहिल्या फेरीत पाच सामने, मग चार, दोन, एक. वीस-वीस मिनिटांचा डाव, पाच मिनिटं मध्यंतर, टाइमआउट आणि संघ बदलणं धरून सामन्याला तास जातो. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो, म्हणून पाच वाजता सुरू करून दोन मैदानांवर पहिल्या संध्याकाळी नऊ सामने बसवा आणि दुसऱ्या दिवशी उपांत्य आणि अंतिम. पहिली फेरी खेळलेल्या संघाला पुढच्या सामन्याआधी किमान एका सामन्याची विश्रांती द्या. वजनी गट असेल तर काटा फरशीवर ठेवा, मातीवर ठेवलेला काटा भांडण लावतो. दिव्यांसाठी तारेवर आकडा टाकू नका, तात्पुरती जोडणी किंवा जनरेटर घ्या. १०८ चा रुग्णवाहिकेचा नंबर स्टेजवर मोठ्या अक्षरात लावा, आणि ती मैदानापर्यंत येईल इतकी वाट गाड्यांपासून मोकळी ठेवा.

बक्षिसाची रक्कम चेकने किंवा खात्यावर, आणि कर्णधाराच्या सहीचं व्हाउचर. प्रवेश फीची पावती प्रत्येक संघाला. त्या उधारीच्या वर्षी व्हाउचर नीट ठेवली म्हणूनच पुढे ऑडिट सुटलं.

एक राहिलं. चेंज रिपोर्ट मंजूर झाल्याचा आदेश हातात आला म्हणजे काम संपलं असं समजू नका. त्या आदेशाची नोंद शेड्यूल वनला चढावी लागते, आणि चढल्यावर त्याच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आम्ही आदेश घेऊन बँकेत गेलो आणि परत आलो. नकला एकदम तीन काढा. एक बँकेला जाते, एक अनुदानाच्या प्रस्तावाला, आणि एक कपाटात राहते.

आणि निवडणुकीची सभा ठेवायची तर गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. बाहेरगावी गेलेले सगळे त्या दोन दिवसांत गावात असतात. अजेंडा आधीच पोचलेला असू द्या, ना-हरकतीची ॲफिडेव्हिटं आणि नव्यांची संमतिपत्रं टाईप करून तयार ठेवा, आणि नोटरीला त्या सकाळी गावात यायला सांगा. दुपारच्या गाडीने मंडळी परत निघतात, त्याच्या आत शेवटची सही झाली पाहिजे.