काळी दोनवरून काळी एक

उत्सवी नाटकाला साऊंडवर बसणाऱ्याची खरी परीक्षा तिसऱ्या घंटेच्या आधीच होते. फोंडा तालुक्यातल्या एका देवळापुढच्या मंडपात त्या रात्री पालखी नुकतीच आत गेली होती. तेवढ्यात ऑर्गनवाले भाई मेकअपच्या खोलीतून बाहेर आले. नायकाचा घसा बसला होता. "काळी दोन जमायची नाही. काळी एकवर येऊ." म्हणजे ऑर्गनच्या दुसऱ्या काळ्या पट्टीऐवजी पहिल्या, खालच्या पट्टीला सा धरायचा.

ऑर्गनला काय, बोटं सरकवली की झालं. तबलजीने पिशवीतून दुसरा तबला काढला आणि हातोडी हातात घेतली. गोची माझी होती. व्हायोलिनवाल्याला त्याच रात्री दुसऱ्या जत्रेची सुपारी, म्हणून दोन पदांचं व्हायोलिन आम्ही आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं, काळी दोनमध्ये. तबलजी कानात इअरफोन घालून त्या लयीला धरून वाजवणार, असं ठरलं होतं.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर आवाज वाजवायला मी एमपीव्ही नावाचा प्लेअर चालवतो. खिडकी नाही, बटणं नाहीत, काळ्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या पडद्यावर, दोन ओळी. मूळ एमप्लेअर नावाचा प्लेअर 2000 साली हंगेरीत सुरू झाला, त्याच घराण्यातला हा; पहिली आवृत्ती 2013ची. दिग्दर्शक पहिल्यांदा डोकावले तेव्हा म्हणाले होते, "कितें रे हें? बटणां खंय?" बटणं कळफलकावर. कोणत्या कळीने काय व्हावं ते एका साध्या फाईलमध्ये लिहायचं: एक म्हणजे गडगडाट, दोन म्हणजे घोड्यांच्या टापा. फाईलला चित्र जोडलेलं असलं तर तो खिडकी उघडू पाहतो, तेवढं आधी बंद करून ठेवायचं. पाऊस वेगळ्या टर्मिनलवर अखंड फिरत राहतो. नाटकात मध्येच नोटिफिकेशनची टिंग वाजवणारे देखणे प्लेअर मी पुष्कळ पाहिलेत. लोकांना ते का आवडतात कोण जाणे.

तर सूर उतरवायचा होता, पण लय जागची हलता कामा नये. वेग कमी केला की हा प्लेअर सूर आपणहून सांभाळतो. मला नेमकं उलटं हवं होतं. त्यासाठी रबरबँड नावाचा फिल्टर आहे. काळी दोन ते काळी एक म्हणजे दोन स्वरांतरं (एक स्वरांतर म्हणजे एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर), आणि एका स्वरांतराचं गुणोत्तर सुमारे 1.0595. दोनदा भागलं की 0.891. तो आकडा टाईप केला आणि हेडफोन भाईंच्या कानाला लावला. त्यांनी काळी एक दाबून धरली, डोळे मिटले. "सा बसला. पण व्हायोलिन जाडं झालंय रे." खरंच झालं होतं, व्हायोलाकडे झुकलेलं. मंडपातल्या स्पीकरवर ते कुणाला कळणार नाही, असं मी म्हणालो. पण मास्टर दीनानाथांचं मंगेशी याच तालुक्यातलं आणि इकडचा प्रेक्षक कानाचा तिखट, त्यामुळे बोलताना मलाच फारसा भरवसा नव्हता.

पहिलं पद निभावलं. दुसऱ्याला पंचाईत आली. बसलेल्या घशानेही नायकाने अंतऱ्यात अशी काही जागा घेतली की मागच्या रांगेतून आरोळी आली, "वन्स मोअर!" मग सगळा मंडपच ओरडला. ऑर्गन, तबला केव्हाही मुखड्यावर परततील. रेकॉर्ड केलेलं व्हायोलिन पुढेच पळणार. यासाठीच मी लुआ भाषेत दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये टाकली की प्लेअर उघडतानाच ती उचलतो. डब्ल्यू दाबलं की आवाज हळूहळू खाली येतो आणि व्हायोलिन मुखड्याच्या तोंडाशी जाऊन थांबतं. स्पेस दाबलं की पुन्हा सुरू. डब्ल्यू दाबलं. तबलजीने माझ्याकडे बघत तिहाई घेतली, आणि तो समेवर येताक्षणी मी स्पेस दाबलं. व्हायोलिन समेवरच पडलं. फिल्टर तसाच लागू होता, त्यामुळे सूरही काळी एकचाच.

नाटक पहाटे संपलं. रंग पुसायच्या आधीच भाई माझ्या टेबलाशी. "हें म्हज्या मोबायलाचेर घालूं येता?" अँड्रॉइडवर एमपीव्ही मिळतो, पण कळफलक नसला की त्यातली निम्मी मजा जाते, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग भाच्याचा लॅपटॉप आणतो, शिगम्याच्या आधी सगळं बसवून दे.