काम नसताना मुंबई

सोलापूरच्या माणसाची मुंबई ठरलेली असते. टाटाला नाहीतर केईएमला कुणाला तरी दाखवायचं असतं, मंत्रालयात फाइल अडकलेली असते, किंवा डोंबिवलीत लग्न असतं. काम उरकलं की रात्रीची गाडी. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, एकदा काहीही काम न काढता जायचं, एकटीनं, आणि बघायच्या ठिकाणांची यादी करायची नाही. घरातला पहिला प्रश्न, "कुणाकडे उतरणार?" कुणाकडेच नाही, हे पचायला सगळ्यांना जरा वेळ लागला.

पण माझा पहिला सल्ला तोच आहे. नातेवाइकांकडे उतरू नका. त्यांची माया खरी, पण ते राहतात बोरिवलीला नाहीतर बदलापूरला, आणि पायी फिरण्यासारखी मुंबई बरीचशी खाली दक्षिणेला. येण्याजाण्यात दिवस संपतो, वर "जेवायला थांबलोय" म्हणून संध्याकाळी सातलाच फोन. सीएसएमटी, फोर्ट किंवा चर्चगेटच्या आसपास खोली घ्या. खोल्या लहान आणि पैसे जास्त, हे मनाला आधीच सांगून ठेवा. बुक करण्याआधी फोन करून विचारा की खोलीला खिडकी आहे का आणि चेकआउट बाराचं की चोवीस तासांचं. माझ्या खोलीच्या फोटोत छान पडदा होता. प्रत्यक्षात पडद्यामागे भिंत निघाली. आवाज चढवल्यावर वरच्या मजल्यावरची, खरी खिडकीवाली खोली मिळाली.

निघायचं शनिवारी रात्री. सिद्धेश्वर एक्सप्रेस वेळेवर असली तर सकाळी सातच्या आत सीएसएमटीला सोडते, आणि रविवारी सकाळी फोर्टात ऑफिसवाले नसतात. खोली दुपारी मिळणार असेल तर बॅग स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. मी जानेवारीच्या अखेरीस गेले. सकाळी अंगावर पातळ शाल चालते, दुपारी घाम येतोच, पण मे महिन्यासारखी दमछाक होत नाही.

स्टेशनाबाहेर पडलात की लगेच टॅक्सी शोधू नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा आणि मागे वळून वर बघा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची ही इमारत बांधायला १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं लागली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. घुमटावर प्रगतीची मूर्ती आहे, हातात मशाल घेतलेली. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं कोरलीत, त्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. या दारातून मी कितीदा आत-बाहेर केलं असेल, पण तेव्हा नजर इंडिकेटरवर नाहीतर पर्सवर. समोरची महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्सची, १८९३ ची.

तिथून हुतात्मा चौक चालत दहा-पंधरा मिनिटं. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, शेजारी १८६४ चं फ्लोरा फाउंटन. एरवी टॅक्सीच्या काचेतून दिसणारी ही जागा रविवारी शांतपणे उभं राहून बघता येते. पुढे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी असतात. त्यांच्या मधून वाट काढत वर जा आणि सावलीत बसा, कुणी उठवत नाही.

माझं मन रमलं ते ओव्हल मैदानावर. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं, दगडी, टोकदार कमानींचं. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या निवासी इमारती, गोल कोपऱ्यांच्या, फिक्या रंगांच्या, दारावर त्या काळच्या वळणात नाव लिहिलेल्या. पूर्वेच्या इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता. नंतर भराव टाकून जमीन काढली आणि त्यावर पश्चिमेची रांग उभी राहिली. २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्ही रांगा मिळून जागतिक वारशात घेतल्या. टॉवर ८५ मीटर उंच, खर्च प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं.

आणि मधल्या मैदानात रविवारचं क्रिकेट! एकाच वेळी इतके सामने चालू असतात की एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्याच्या अंपायरशेजारी उभा असतो. मी पायवाटेच्या कडेला थांबले होते. एक चेंडू पायाशी आला, मी उचलला, आणि दोन वेगवेगळ्या संघांतली मुलं "आमचा, आमचा" करत धावत आली. त्यांनी शिवण बघून कुणाचा ते ठरवलं. तासभर तिथेच गेला. मैदानातून चालताना चेंडूवर लक्ष ठेवा, एवढीच सूचना.

भूक लागली की धोबी तलावला कयानीमध्ये जा. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. एकटं माणूस असेल तर चौघांच्या टेबलावर अनोळखी लोकांबरोबर बसवतात, त्यात संकोच करू नका. ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, मागवा. ब्रुनचं कवच इतकं कडक की पहिल्या घासाला चुरा थेट मांडीवर. तो चहात बुडवून खायचा, मस्का वितळून चहावर पिवळे डोळे येतात. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव खायचा असेल तर कामाच्या दिवशी दुपारी जा. ते फक्त दुपारच्या जेवणाला उघडं असतं आणि रविवारी बंद.

आता लोकल. बाहेरगावचे लोक लोकलला उगाच घाबरतात किंवा उगाच शौर्य दाखवतात. साधं गणित आहे. सकाळी आठ ते अकरा गर्दी खाली येते, संध्याकाळी साडेपाचनंतर वर जाते. तुम्ही दक्षिणेला राहत असाल तर तुमचं सगळं उलटं, म्हणून बसायला जागा मिळते. दक्षिणेत राहण्याचा खरा फायदा हाच. इंडिकेटरवर S म्हणजे स्लो, F म्हणजे फास्ट. फास्ट कुठे थांबत नाही ते विचारूनच चढा. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, त्या दिवशी लोकलवर काही ठरवू नका. बायकांच्या डब्यात तिघींच्या बाकावर चौथी टेकते, अर्धी बाकावर, अर्धी हवेत. आत शिरल्यावर "कुठे?" असं विचारलं तर तुमच्याशी गप्पा मारायच्या आहेत असं नाही. तुम्ही कुठे उतरणार आणि जागा कधी रिकामी होणार, ते हवं असतं. स्टेशन सांगा, लगेच दुसरी म्हणते, "तिची सीट माझी." दुपारच्या डब्यात माझ्या समोरच्या बाईंनी पिशवी उघडून मेथी निवडायला घेतली. दादर येईपर्यंत जुडी संपली, देठं वर्तमानपत्रात गुंडाळून परत पिशवीत. डब्यात एक पान सांडलं नाही.

भूमिगत मेट्रो आता कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण झाली आहे. गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक, सिद्धिविनायक अशी स्थानकं असल्यामुळे आपल्यासारख्यांची मोठी सोय झाली. गार, स्वच्छ, आणि स्वच्छतागृह आहे, जो बायकांसाठी एकट्यानं फिरताना सगळ्यात मोठा प्रश्न असतो. बाकी ठिकाणी वस्तुसंग्रहालय किंवा उडुपी हॉटेल गाठावं. रिक्षा शहरात मिळणार नाही, ती वांद्रे आणि सायनच्या पलीकडेच. इकडे काळी-पिवळी, मीटरने. जवळचं भाडं नाकारतात, तेव्हा वाद न घालता बस पकडा.

गिरगावला मेट्रोने उतरून खोताची वाडी पाहिली. लाकडी जिने, व्हरांडे, रंगीत दारं, मधून एक माणूस जाईल एवढी बोळ. उंच इमारतींनी चारी बाजूंनी घेरलेली ही ख्रिस्ती आणि पाठारे प्रभूंची जुनी वस्ती. घरांत लोक राहतात, तेव्हा खिडक्यांत मोबाइल घालू नका. मी गेले तेव्हा एका ओट्यावर आजोबा पेपर वाचत होते. समोर एक मुलगी फोटोसाठी उड्या मारत होती आणि ते प्रत्येक उडीला पान खाली करून बघत होते. नंतर विनय हेल्थ होममध्ये मिसळ. आपल्याकडच्या तिखटाची सवय असेल तर सौम्य वाटेल, तक्रार मात्र नाही.

गिरगाव चौपाटीवरून टॅक्सीने वाळकेश्वर, बाणगंगेला. मुख्य रस्त्यावरून हे तळं दिसतच नाही. बोळातून खाली उतरलं की एकदम चहूबाजूंनी पायऱ्या, दीपमाळा, देवळं. शिलाहारांच्या काळातलं, आणि १७१५ मध्ये रामा कामतांनी पुन्हा बांधून काढलेलं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तळ्यात मात्र गोडं पाणी, झऱ्याचं. लक्ष्मणानं बाण मारून रामासाठी पाणी काढलं, अशी कथा. पायऱ्यांवर कुणी पिंडदान करत होतं, पलीकडे पोरं क्रिकेट खेळत होती, पाण्यात बदकं. चपला हातात घेऊन तिसऱ्या पायरीवर बसले, उठवेना. संध्याकाळी चारनंतर जा, दुपारी दगड पोळतो. तिथून वर टेकडीवर शाळेच्या सहलीतला म्हातारीचा बूट आहे, आणि २०२५ मध्ये सुरू झालेली झाडांमधली उंच पायवाट. तिला ऑनलाइन वेळ नोंदवावी लागते.

घारापुरीची (एलिफंटाची) लेणी सोमवारी बंद. गेटवेवरून लाँचला तासभर लागतो, त्यामुळे मंगळवारी पहिलीच लाँच धरा. वेरूळ पाहिलंय म्हणून टाळू नका. वीसेक फुटांची ती महेशमूर्ती अंधारात डोळे सरावल्यावर हळूहळू उलगडते, आणि त्या वेळी आजूबाजूला शाळेची सहल नको. पायऱ्या शंभरावर आहेत, गुडघे दुखत असतील तर सावकाश. हातात खाण्याची पिशवी ठेवलीत तर माकडं ती घेणारच. गेटवे स्वतः येता-जाता होतो, त्यासाठी वेगळा वेळ काढू नये.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एका दमात संपवायचा हट्ट सोडा. मी तळमजल्यावरची शिल्पं आणि वरची लघुचित्रं एवढंच पाहिलं. इराकमधल्या निमरूदचे अॅसिरियन शिलापट इथे आहेत, ते चुकवू नका. बाहेर आल्यावर शेजारीच जहांगीर कलादालन, फुकट.

रात्री मरीन ड्राइव्हला कठड्यावर दहापर्यंत बसले, माणसं भरपूर असतात, भीती वाटली नाही. त्यानंतर फोर्टातल्या गल्ल्या मात्र सामसूम होतात, खोलीवर टॅक्सीने जावं.

शेवटचा दिवस दादरला द्या. पहाटे स्टेशनजवळचा फुलबाजार, मग आस्वादमध्ये थालीपीठ, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक फेरी, प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. माटुंग्याला केळीच्या पानावर जेवायचं असेल तर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं, स्टेशनाला लागूनच. संध्याकाळी शिवाजी मंदिर किंवा यशवंतला नाटक असतंच. दुपारचा चारचा प्रयोग असेल तर तो घ्या. रात्रीच्या प्रयोगाचं तिकीट काढलंत तर शेवटच्या अंकात घड्याळ बघत बसाल. बॅग सकाळीच दादरच्या क्लोकरूममध्ये ठेवा. सिद्धेश्वर दादरलाही थांबते, त्यामुळे तिच्यासाठी उलटं सीएसएमटीला जायची गरज नाही. फक्त दादरला ती थोडाच वेळ थांबते आणि डबा कुठे येतो ते आधी हमालाला विचारून ठेवावं लागतं.