वांग, पेप्टाइड आणि आमच्या सोलापूरचं ऊन

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग पडले ते गेलेच नाहीत. आत्याबाईंनी जायफळ उगाळून दिलं, शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मेडिकलमधून ही ट्यूब आण की, आठ दिवसात फरक बघ." आणली. खरंच आठ दिवसात चेहरा उजळला, मला कोण आनंद! तीन महिन्यांनी मात्र गाल लालभडक, उन्हात गेलं की नुसती आग, आणि ट्यूब सोडली की डाग आधीपेक्षा गडद. स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला, त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि वर स्टेरॉइड, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको अशी वस्तू आणि मी ती पावडरसारखी रोज थापत होते.

आता पेप्टाइड सीरमवर आलेय. पेप्टाइड म्हणजे अमिनो ॲसिडची छोटी साखळी, माझ्या बाटलीत नोनापेप्टाइड-१ आहे, म्हणजे ९ कड्यांची. ऊन लागलं की कातडीतल्या पेशी अल्फा-एमएसएच नावाचं हार्मोन सोडतात, ते रंग बनवणाऱ्या पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घ्यायच्या जागेवर, बसलं की आत टायरोसिनेज एन्झाइम कामाला लागतं आणि मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, तयार. हे पेप्टाइड ती जागाच अडवतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं, रुमाल आहे पण प्रवासी नाही.

ऐकायला भारीये, पण डॉक्टरांनी लगेच हवा काढली, ५०० डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं माप) वरचे रेणू कातडीतून सहज आत शिरत नाहीत आणि हे तर हजाराच्या वर, म्हणजे बरंचसं वरच्यावरच राहणार (आणि रात्री उशीला लागणार, पैसे माझे).

चार महिन्यात कडा फिकट झाल्यात. श्रेय मी सीरमपेक्षा आयर्न ऑक्साइडवाल्या टिंटेड सनस्क्रीनला देईन, कारण वांग नुसत्या युव्हीने (उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांनी) नाही, दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो आणि साधं सनस्क्रीन तो नीट अडवत नाही. मला वाटायचं स्कार्फ, सनकोट, गॉगल चढवून सात रस्ता चौकातून गाडी काढली की झालं!

आणि धग. तीही चालत नाही म्हणे. म्हणजे तव्यापुढे तासभर उभं राहून कडक भाकरी करणं बंद, आता बचत गटातल्या मावशींकडून आणतो. आत्याबाई म्हणतात विकतच्या भाकरीला चव नाही, आणि शेंगाचटणीबरोबर दोन संपवतात.