आमची वाटचाल : आधी सेल, मग सर्किट

नाशिकच्या मेन रोडमागच्या गल्लीत वडिलांनी दुकान टाकलं ते फ्लॅशगन दुरुस्तीचं. रेडिओ-ट्रान्झिस्टरवर हात बसलेला होता, आणि लग्नसराईत स्टुडिओवाल्यांच्या फ्लॅशगन हमखास बंद पडायच्या. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो टिकून राहतो. त्यामुळे कॅमेऱ्याचे जुने कारागीर त्या कामाला बिचकायचे. वडील आधी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामा करत, मगच आत बोट घालत. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलाला आजही पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

फ्लॅशगनच्या मागोमाग कॅमेरे आले. 1976 साली निघालेल्या कॅनन एई-1 मध्ये मायक्रोप्रोसेसर आहे आणि त्याचं शटर विजेवर सुटतं. सेल संपला की कॅमेरा क्लिकच करत नाही. त्याच वर्षीचा पेंटॅक्स के1000 मात्र पूर्ण यांत्रिक, त्यात सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. के1000 चं शटर अडलं असेल तर वायरी तपासण्यात अर्थ नाही. एई-1 चं अडलं तर पहिला संशय सेलवर.

सेल तपासायचा म्हणजे नुसता मल्टिमीटर टेकवायचा असं नाही. थकलेला सेलही मोकळा मोजला तर जवळपास पूर्ण सहा व्होल्ट दाखवतो आणि शटरच्या चुंबकाने करंट ओढला की खाली बसतो. म्हणून आम्ही रेझिस्टर जोडून, लोडवर मोजतो. सेल चांगला निघाला की पुढे जायचं: सेलच्या डबीतली स्प्रिंग, तिची पट्टी, तिथून सर्किटच्या बोर्डाकडे जाणारी वायर, मग स्विच. सेल वर्षानुवर्षं आत राहिला की झिरपतो. डबीत साचलेली पांढरी पूड व्हिनेगरच्या बोळ्याने निघते, ते काम सोपं. त्रास देते ती वायर. झिरपलेलं अल्कली प्लास्टिकच्या आतून तांब्यावर चढत जातं. वरून वायर लाल, चकचकीत दिसते आणि सोलली की आत काळी-हिरवी, सोल्डर धरतच नाही. अशी वायर घासून चालती करणं मला मान्य नाही. आम्ही ती पूर्ण बदलतो.

‘सर्किट उडालंय’ म्हणून येणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांचं सर्किट धडधाकट असतं. वीज तिथवर पोचत नसते, एवढंच. आमचं दुकान या एका गोष्टीवर उभं आहे.

2003 च्या सिंहस्थात रामकुंडावर काम करणारे बरेच छायाचित्रकार अजून रोलवरच होते, त्या दिवसांत आम्ही रात्री उशिरापर्यंत बसायचो. 2015 च्या सिंहस्थात फिल्म कॅमेरा घेऊन कुणीच आलं नाही. मधली वर्षं स्टुडिओच्या लाइटांची दुरुस्ती आणि पासपोर्ट फोटो यांवर निघाली. वडिलांनी सुट्या भागांचे डबे मात्र भंगारात जाऊ दिले नाहीत, आणि आज दुकान चालतंय ते त्याच डब्यांच्या जिवावर.

मग कॉलेजची मुलं यायला लागली. “काका, आजोबांचा कॅमेरा आहे. मुंबईला दाखवला तर बोर्ड मिळत नाही म्हणाले,” असं सांगत एका मुलीने मिनोल्टा एक्स-700 काउंटरवर ठेवला. आतले लाल दिवे लागत होते, मीटर हलत होता, पण बटण दाबलं की काहीच नाही आणि रोल पुढे सरकवायचा लिव्हर घट्ट अडकलेला. या मॉडेलचं हे दुखणं आम्हाला पाठ आहे. खालचा पत्रा काढला की एक छोटा कपॅसिटर दिसतो, 220 मायक्रोफॅरडचा. वयोमानाने तोच जातो. तो बदलला, लिव्हर ओढला, बटण दाबलं आणि शटर सुटलं. त्या मुलीने तिथल्या तिथे आईला फोन लावून तो आवाज ऐकवला. बोर्डाला हातही लावावा लागला नव्हता.

जुन्या मीटरांची अडचण वेगळी. ते 1.35 व्होल्टच्या पारा सेलवर बेतलेले आणि तो सेल आता बनत नाही. दीड व्होल्टचा अल्कलाइन घातला तर रीडिंग चुकतं आणि सेल उतरत जाईल तसं बदलतही राहतं. आम्ही श्रवणयंत्राचा 675 नंबरचा झिंक-एअर सेल वॉशर लावून बसवून देतो. व्होल्टेज बरंच जवळ येतं आणि स्थिर राहतं. फक्त सील काढल्यावर तो फार दिवस टिकत नाही, हे देतानाच सांगतो.

आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, तोच गेला असेल तर तेही स्पष्ट सांगतो. त्याच मॉडेलचा दुसरा बंद कॅमेरा मिळाला तर त्यातला काढून बसवता येतो, नाहीतर तपासणीपुरते पैसे घेऊन कॅमेरा परत.

कुरिअरने पाठवणार असाल तर सेल काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि तो आत किती वर्षं पडून होता ते अंदाजाने का होईना, चिठ्ठीवर लिहा.