व्हिएन्नात वाजलेली गाजराची पुंगी

भाचीकडे व्हिएन्नाला गेले होते. शनिवारी सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "मावशी, आज संध्याकाळी मैफलीला जायचंय. भाज्यांच्या." मला वाटलं, इतकी वर्षं जर्मन बोलून पोरीचं मराठी बिघडलं.

तिने सांगितलं ते खरंच होतं. १९९८ पासून या शहरात भाज्यांचा एक वाद्यवृंद आहे. दर कार्यक्रमाच्या दिवशी ताजी भाजी आणायची, कोरून, भोकं पाडून तिची वाद्यं करायची आणि रात्री वाजवायची. दुसऱ्या दिवशी तेच गाजर उपयोगाचं नाही, म्हणून प्रत्येक वेळी सगळं नव्याने.

म्हणून दुपारी आधी नाशमार्क्टला चक्कर मारली. वीन नदीवर छत घालून त्यावर हा बाजार वसवलाय. गाजरांच्या जुड्या पाहून एरवी कोशिंबीर आठवली असती. त्या दिवशी मी 'यातलं कुठलं सुरात असेल' असा विचार करत होते. तिथून जवळच हायडन या जुन्या संगीतकाराचं शेवटच्या दिवसांतलं घर आहे, तेही पाहिलं. या हायडनबुवांनी १७८१ साली चार तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली. तिचा शेवट असा फसवा की संपली म्हणून लोक टाळ्या वाजवतात आणि वादक पुन्हा सुरू होतात. म्हणजे मैफलीत श्रोत्यांची थट्टा करायची खोड इथे जुनीच.

संध्याकाळी एका छोट्या सभागृहात बसलो. काळ्या कपड्यांतले वादक गंभीर चेहऱ्याने आले. समोर मेजांवर भोपळे, वांगी, पातीचे लांब कांदे, कोबी, आणि सगळीकडे मायक्रोफोन. एकाने काकडी तोंडाला लावली. आतून पोकळ केलेली काकडी, फुंकायच्या टोकाला गाजर, दुसऱ्या टोकाला कर्ण्यासारखी लाल ढोबळी मिरची. पहिला भोंगा वाजला आणि सभागृह फुटलं. पोरं तर खुर्चीतून घसरली. व्यासपीठावर मात्र कुणाची मिशी हलली नाही. ते विनोद करायला आलेच नव्हते.

मला तितकंसं हसू आलं नाही. मी मिरजेची. आमच्या सतारमेकर गल्लीत पंढरपूरकडचे कडू भोपळे वाळवून तंबोरे होतात. भोपळ्यातून सूर निघतो याचं आम्हाला कसलं नवल? एवढंच की आमचा भोपळा वाळून कडक झाल्यावरच कामाचा, आणि यांचा ओला असेतोवर.

पंधराएक मिनिटांत हसू विरलं. कोबीची पानं एकमेकांवर घासली की मायक्रोफोनमधून बेडूक ओरडल्यासारखं येत होतं. कांद्याची सालं चुरगाळली की पत्र्यावर पावसाची पहिली सर. वांग्याच्या फाकांची टाळी, भोपळ्यावरचा ठेका. मी डोळे मिटले आणि भाजी दिसेनाशी झाली. हसत होते ते डोळे. कानांना त्यात हसण्यासारखं काही सापडत नव्हतं. आता सगळे इतके शांत, की कुणी खोकलं तरी ओशाळावं.

आणि नेमका तेव्हा एकजण गाजराची पुंगी घेऊन उभा राहिला.

अगदी बासरीसारखी भोकं पाडलेली. दिव्यांच्या उष्णतेने ती सुकत चालली असावी, कारण सूर घसरला. त्याने ती ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा फुंकली, पुन्हा फुसकी. मी भाचीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. तिच्या ओठांवर शब्द आले नाहीत, पण मला ऐकू आले: वाजली तर वाजली...

झालं! दोघींनी तोंडात रुमाल कोंबले तरी आवाज फुटायचा तो फुटलाच. पुढच्या रांगेतली डोकी वळली. मघाशी हेच लोक काकडीला लोळून हसले होते, आणि आता आम्हीच अरसिक ठरलो.

कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या आजींनी भाचीला विचारलं, काय झालं होतं? तिने म्हण नीट समजावून सांगितली. पुंगी वाजली तर ठीक, नाहीतर मोडून खायची. आजींनी लक्षपूर्वक ऐकलं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

"बरोबरच आहे," त्या म्हणाल्या आणि दाराकडे बोट दाखवलं. तिथे वाद्यं कोरताना उरलेल्या भाजीचं सूप वाढत होते. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. मीठ जरा कमी होतं.