तुम्ही विचारलंत म्हणून: "बाप पण उशिराच बोलला होता, थांबू ना?"

"बाई, पोरगं दोन वर्षांचं झालं, अजून बोलत न्हाई. त्याचा बापबी उशिराच बोललेला. थांबायचं न्हवं?"

मिरज तालुक्यातल्या आमच्या अंगणवाडीत हे विचारणारी आई किंवा आजी दर दोन-तीन महिन्यांनी येतेच. थांबू नका, एवढंच माझं उत्तर.

माझ्या भाचीच्या वेळी मीच "बोलेल की" म्हणाले होते. पोर हसरी, बोलावलं की धावत यायची. तिला समजत नाही, अशी शंकाच आली नाही. वेखंड उगाळून चाटवत राहिलो. अडीच वर्षांची झाल्यावर बेरा ही कानांची तपासणी केली, तेव्हा दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. मग उमगलं: "ये" म्हणताना आम्ही हात हलवायचो. ती हाताकडे बघून यायची.

म्हणून मी आता आयांना सांगते, हात पाठीमागे धरा, नजरेनंही खुणावू नका आणि म्हणा, "चेंडू दे." दीड वर्षाच्या बाळाला एवढं कळायला हवं. त्याच वयात ते काऊ, ट्रॅक्टर बोट करून दाखवतं. तुम्हीही बघावं, म्हणून. दोन वर्षांचं "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडतं. यातलं एखादं जरी दिसलं नाही तर आधी कान तपासून घ्या. येत असलेले शब्द गेले असतील, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून ते दोन महिने वजा करून मोजा.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासूनच्या या योजनेत विकासातला विलंबही तपासतात, पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका. ऊसतोडीच्या कुटुंबांची पोरं नेमकी अशा वेळी गावोगाव फिरत असतात, त्यांची मला फार काळजी वाटते.

आणि बापाचं म्हणाल, तर मी आजीला विचारते, कितव्या महिन्यात बोलला? आजवर एकीलाही सांगता आलेलं नाही.